थरथर कुठून येते?



गेले दोन-तीन महिने आमच्या नातेवाइकांत एकच विषय चालू आहे: अमेरिकेतल्या भाच्याचं विमान हवेत थरथरतं. विकत घेतलेलं नव्हे, त्याने स्वतः बांधलेलं. सहा वर्षं शनिवार-रविवार घराच्या गॅरेजमध्ये घालवून, किटमधून आलेले पत्रे रिव्हेटने जोडत जोडत त्याने दोन सीटचं विमान उभं केलं. ते उडालं, सगळ्यांनी फोटोला अंगठे दाखवले, आणि मग एके दिवशी त्यानेच सहज सांगितलं की सीटखाली आणि हातातल्या दांड्याला एक थरथर सतत जाणवते. झालं! ज्यांनी आयुष्यात स्कूटरचा प्लग साफ केला नाही त्यांनीही मतं दिली. ताईचं (म्हणजे त्याच्या आईचं) मत सगळ्यांत स्पष्ट होतं. "विकून टाक म्हणावं. तुझं ऐकतो तो, तू सांग."

फोनवर मला कुणी वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून इथे लिहितोय. ब्लॉगवर निदान मध्येच "अरे पण..." म्हणता येत नाही. :-)

आधी हे सांगतो की मी विमान कधी चालवलेलं नाही. ३१ वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर, मशीनचे स्पिंडल. जे जे फिरतं ते ते कधी ना कधी थरथरतं, आणि ते थरथरलं की रात्री-अपरात्री आम्हाला बोलावणं यायचं. विमानाचं इंजिन काही निराळ्या देवाने बनवलेलं नाही. तेही फिरतंच.

माझं मत असं आहे. थरथर कळल्यावर लोक दोन प्रकारे वागतात आणि दोन्ही प्रकार सारखेच वाईट आहेत. पहिला प्रकार ताईचा: हादरतंय म्हणजे बिघडलंय, टाकून द्या. दुसरा प्रकार भाच्याच्या हँगरमधल्या मित्रांचा: घरी बांधलेली विमानं थोडी हलतातच, होईल सवय. एक घाबरून बघत नाही, दुसरा सवयीने बघत नाही. बघत दोघंही नाहीत. आणि मला विचाराल तर दुसरा जास्त धोक्याचा. भीती निदान विमान जमिनीवर ठेवते. सवय झाली की एक्झॉस्टच्या पाइपला बारीक चीर जाते, वायरींचं आवरण घासून निघतं, रिव्हेटभोवती काळपट ओघळ दिसायला लागतो, आणि माणूस "पूर्वीपासूनच आहे ते" म्हणत फडक्याने पुसून मोकळा होतो.

तिसरा प्रकारही आहे, तो आपल्याकडचा खास. काहीतरी बदलून बघायचं! कारखान्यात आमच्याकडे एक मोठा ब्लोअर होता, तो दर पावसाळ्यात हादरायचा. दर पावसाळ्यात त्याचं बेअरिंग बदललं जायचं, कारण बेअरिंग स्टोअरमध्ये होतं आणि ते बदलण्यात मर्दुमकी होती. बदललं की चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा सुरू. शेवटी एका पोरसवदा शिकाऊ मुलाने केसिंगचं झाकण उघडून आत बॅटरी मारली. दमट हवेत पात्यांवर धुळीचा राप बसायचा, आणि झाकण उघडताना त्याचा एखादा पोपडा गळून पडायचा, म्हणून चार दिवस बरं. खरवडून काढल्यावर थरथर गेली. बेअरिंग बिचारं पहिल्या दिवसापासून निर्दोष होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण बहुतेक मेंटेनन्सवाल्यानेच पाडली असावी. (आमच्या नाशकात सोमेश्वर आहेच गंगापूर रोडला. बंबांची सोय उत्तम.)

भाच्याचीही सुरुवात अशीच झाली. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, प्रोपेलर. आता प्रोपेलरवर संशय घेणं चूक नाही. इंजिनाच्या पुढच्या टोकाला तो एवढा मोठा पंखा, त्याच्या एका पात्यात काही ग्रॅमचा फरक असला तरी दर फेऱ्याला एक झटका बसणार. म्हणून त्याने आधी पात्यांचा माग तपासला. ही तपासणी फार सुंदर आणि फुकटची आहे: विमानाच्या चाकांना अडसर लावायचा, इग्निशन बंद असल्याची खात्री करायची, जमिनीवर एक ठोकळा पात्याच्या टोकाला जेमतेम लागेल असा ठेवायचा, मग हाताने पंखा अर्धा फिरवून दुसरं पातं त्याच जागी आणायचं आणि दोघांतलं अंतर मोजायचं. सहा फुटांपर्यंतच्या धातूच्या पंख्याला १/१६ इंचाच्या आत फरक असावा असा दंडक आहे. त्याचा बसत होता. (लाकडी पंखा असता तर मी आधी बोल्ट बघायला सांगितले असते. लाकूड पावसाळ्यात फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं, आणि आकसलं की बोल्टची पकड ढिली होते. आपल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे श्रावणात अडकतात आणि माघात खुळखुळतात, तेच.)

मग त्याने पैसे भरून पंखा फिरताना बॅलन्स करून घेतला. इंजिनावर कंपन मोजणारा सेन्सर, पात्यावर चमकणारी पट्टी, ती दर फेऱ्याला डोळ्यासमोरून गेली की यंत्राला कळतं की झटका नेमका कुठल्या कोनात बसतोय. त्याप्रमाणे स्पिनरच्या मागच्या तबकडीला छोटी वजनं लावतात. गाडीच्या चाकाला शिसं लावतात तसंच. आकडा ०.३० इंच प्रति सेकंद होता तो ०.०५ वर आला. ०.०७ च्या खाली असला की उत्तम समजतात. त्याने पहिला बरा रिपोर्ट पाठवला, ताईने देवापुढे साखर ठेवली, आणि पुढच्या शनिवारी विमान वर गेलं तर थरथर होती तिथेच होती.

इथे तो खचला. फोनवर म्हणाला, "मामा, आकडा तर चांगला आहे, मग हे काय?" मला मात्र फार बरं वाटलं. बॅलन्सिंगचं यंत्र पंख्याच्या फेऱ्याइतक्याच गतीचा झटका मोजतं, बाकी सगळं गाळून टाकतं. म्हणजे एक आरोपी पुराव्यानिशी सुटला होता. कामाची गोष्ट एवढ्यात झाली नव्हती, पण अंदाज संपून शोध सुरू झाला होता.

शोधाचा पहिला प्रश्न: थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढते की विमानाच्या वेगाबरोबर? ऐकायला सोपा वाटतो, पण त्याच्या विमानाचा पंखा ठरावीक कोनाचा आहे, त्यामुळे फेरे वाढले की वेग वाढतोच. दोन्ही संशयित हातात हात घालून फिरतात. त्यांना वेगळं करायची युक्ती अशी की नाक वर करून चढताना अमुक फेरे ठेवायचे, तेव्हा वेग कमी असतो. मग थ्रॉटल ओढून हलक्या उतारावर तेच फेरे ठेवायचे, तेव्हा वेग जास्त असतो. फेरे तेच, वेग वेगळा. थरथर तशीच राहिली तर ती इंजिन-पंख्याच्या घरची. वेगाबरोबर बदलली तर ती सांगाड्याची, म्हणजे एखादं सैल झाकण, चाकावरचं कव्हर, अँटेना, किंवा फार वाईट असेल तर शेपटीचा नाहीतर पंखाचा हलणारा भाग.

या शेवटच्या शक्यतेबद्दल मी त्याला मामाच्या अधिकाराने दरडावून सांगितलं. वेगाबरोबर अचानक दांडा हातात बडबडायला लागला तर तो अभ्यास करायचा विषय नाही. ताबडतोब थ्रॉटल कमी, वेग कमी, परत. त्याला फ्लटर म्हणतात. हवा आणि पत्र्याची लवचीकता एकमेकांना झोके देत जातात आणि काही सेकंदांत शेपूट तुटू शकते. १९१६ मध्ये इंग्लंडमध्ये हँडली पेजच्या बॉम्बरची शेपटी अशी हिंसक हलली, तेव्हा लँचेस्टर आणि बेअरस्टो यांनी त्यावर पहिला शास्त्रीय शोध घेतला. म्हणजे हे शंभर वर्षांपासून माहीत आहे, आणि तरी माणसं "काय होतंय बघू" म्हणून वेग आणखी वाढवतात. दुसरं दरडावणं: शांत चाललेल्या इंजिनात एकाएकी जबरदस्त हादरा आला तर इंजिन बंद करून उतरायची जागा शोधायची. पात्याचं टोक तुटलं असेल तर बेफाम असमतोलाने अख्खं इंजिन माउंटवरून उपटून निघू शकतं. जुनी, ओळखीची, रोजची थरथर वेगळी, आणि नवी, अचानक आलेली वेगळी. पहिली हवेत तपासायची, दुसरीपासून पळायचं.

असो. भाच्याची थरथर रोजची निघाली आणि फेऱ्यांबरोबर चालणारी निघाली. वेगाचा तिच्याशी संबंध नव्हता. पंखा सुटलेला. म्हणजे राहिलं इंजिन.

आता पुढचं नीट समजून घ्या, कारण मला यातच सगळ्यात जास्त मजा आली. त्याचं इंजिन मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४०. चार सिलिंडर, चार स्ट्रोक. अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला २० वेळा. चौघांचे मिळून ८० ठोके. चौघं सारख्या ताकदीने मारत असतील तर तुम्हाला ऐंशीची एक गुळगुळीत घरघर जाणवते. पण एकाचा ठोका ढिला पडला तर काय होईल? आपला नाशिक ढोल आठवा. चार गडी ओळीने टोले देतायत आणि त्यातला एक दमलाय. प्रत्येक आवर्तनात एकदा खड्डा पडतो. लांबून तुम्हाला ढोल कमी आणि तो खड्डाच जास्त ऐकू येतो. इंजिनात तो खड्डा सेकंदाला २० वेळा येतो, म्हणजे पंख्याच्या फेऱ्याच्या बरोबर निम्म्या गतीने. आणि माणसाच्या बुडाला ही संथ थरथर ऐंशीच्या घरघरीपेक्षा कितीतरी जास्त टोचते.

त्याने क्लबातल्या एकाकडून कंपनांचा पूर्ण आलेख काढणारं यंत्र मिळवलं आणि आलेख मला पाठवला. ४० वर छोटंसं टेकाड (बॅलन्सिंगवाल्याने इमानेइतबारे काम केलं होतं), ८० वर अपेक्षित उंची, आणि २० वर हा एवढा डोंगर. मी रात्री साडेअकराला जेवणाच्या टेबलावर तो आलेख बघून टाळी वाजवली. बायको म्हणाली, निवृत्त झालात ना?

२० चा डोंगर म्हणजे एक सिलिंडर आळशी. पण कुठला आणि का? प्लग बदला, असा सल्ला लगेच आला (बेअरिंग बदलाचा चुलतभाऊ). भाच्याने बदलले नाहीत. आधी दोन्ही मॅग्नेटो एकेक बंद करून फेरे किती पडतात ते पाहिलं, दोन्हीकडे सारखेच. मग हवेत इंधनाचं मिश्रण हळूहळू पातळ करत प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान लिहून घेतलं. मिश्रण पातळ होत जातं तसं तापमान चढतं, एका शिखराला पोचतं आणि उतरतं. तीन सिलिंडर जवळजवळ एकत्र शिखरावर पोचले. तिसऱ्या नंबरचा मात्र बराच आधी. म्हणजे त्याला सुरुवातीपासूनच पेट्रोल कमी मिळत होतं.

खात्री करायची पद्धत तर इतकी घरगुती आहे की मला ती फार आवडली. चारही सिलिंडरची इंधनाची नोझल काढून, त्यांच्या नळ्यांना जोडलेलीच ठेवून, चार सारख्या बाटल्यांत सोडायची आणि इंधनाचा विजेवरचा पंप थोडा वेळ चालवायचा. मोकळ्या हवेत, जवळ आग विझवायचं साधन ठेवून. मग चारही बाटल्या एका फळीवर शेजारी ठेवायच्या आणि पातळी बघायची. त्याने जॅमच्या बाटल्या वापरल्या. तीन सारख्या भरल्या होत्या, तिसऱ्या नंबरची अंगठ्याच्या पेराएवढी खाली. नोझलचं भोक जेमतेम पाऊण मिलिमीटरचं. त्यात कसल्याशा सीलंटचा कण अडकला होता. धुऊन काढला, पुन्हा बाटल्या भरल्या, चारही सारख्या. दुसऱ्या दिवशी उडून आला आणि आलेखात २० चा डोंगर गेला होता.

सहा वर्षांच्या कामात कणभर सीलंट. ताई म्हणाली, "एवढ्याशासाठी एवढं?" मी म्हटलं, विकायला निघाली होतीस ते कशासाठी होतं? हा कण तसाच राहिला असता तर मोठी ताकद मागताना तो सिलिंडर पातळ मिश्रणावर तापत राहिला असता. ते बिघाडाचं मूळ एका थरथरीने त्याला आधीच सांगितलं. मला तर वाटतं, अगदी पहिल्या दिवसापासून गुळगुळीत चाललेल्या नव्या विमानाबद्दल जास्त काळजी करावी. त्याने अजून काही सांगितलेलंच नसतं.

कुणी म्हणेल हे हौशी लोकांचं झालं. तर मोठ्यांची गोष्ट ऐका. लॉकहीड इलेक्ट्रा हे चार टर्बोप्रॉप इंजिनांचं प्रवासी विमान. २९ सप्टेंबर १९५९ रोजी टेक्ससमध्ये एक हवेतच मोडलं, ३४ माणसं गेली. कारण सापडेना. १७ मार्च १९६० रोजी इंडियानात दुसरं मोडलं, ६३ गेली. तेव्हा अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाचे प्रमुख जनरल क्वेसाडा होते. सगळी इलेक्ट्रा जमिनीवर बसवा असा मोठा ओरडा झाला. त्यांनी बसवली नाहीत, वेगाची मर्यादा घातली, आणि मग लॉकहीड, नासा, सगळे शोधाला लागले. निघालं ते असं: इंजिनाचा आधार कुठेतरी कमजोर झाला की फिरता पंखा भोवऱ्यासारखा घुमायला लागतो, त्या घुमण्याचा वेग कमी होत होत पंखाच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळतो, आणि पंख तुटतो. इंजिनांचे आधार बळकट केले आणि ती विमानं पुढे अनेक वर्षं उडाली. क्वेसाडांचा निर्णय बरोबर होता का, यावर आजही वाद घालता येईल. प्रवासी बसलेल्या विमानांच्या बाबतीत मी तरी तो घेतला नसता. पण "वेग बांधा आणि कारण शोधा" ही त्यातली दिशा मला पटते, आणि एकट्याने उडणाऱ्या, स्वतःच्या हाताने बांधलेल्या विमानाला तर ती अगदीच लागू आहे.

आता जे मुळात म्हणायचंय त्याकडे येतो. भाच्याला हे सगळं करता आलं, कारण तिकडच्या नियमांत त्यासाठी जागा ठेवलेली आहे. निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं असेल तर ते विमान "प्रायोगिक" म्हणून नोंदवतात, आणि पहिले काही तास (इंजिन-पंख्याची जोडी प्रमाणित असेल तर २५, नाहीतर ४०) ठरवून दिलेल्या विरळ वस्तीच्या भागातच, प्रवासी न घेता उडवायचं. म्हणजे सरकारच त्याला सांगतं: तुझं विमान अजून पुरतं झालेलं नाही हे आम्हाला माहीत आहे. जा, तिकडे मोकळ्यावर त्याचे दोष शोध, लिहून ठेव, मग या.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. कॅप्टन अमोल यादव. मूळचे सातारा जिल्ह्यातले, व्यवसायाने वैमानिक, आणि कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे. त्याआधीचे प्रयत्न फसले तरी न थांबणारे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते विमान गच्चीवरून उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा लोकांनी रांगा लावून बघितलं. पण नोंदणीची खटपट २०११ पासून चालू होती, आणि नोंदणी हातात पडली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. मग २०२० मध्ये आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं. मुंबई-आग्रा रस्त्यावर आमच्यापासून दीड-दोनशे किलोमीटरवर.

आम्ही सगळ्यांनी काय केलं? अभिमान बाळगला. फोटो पुढे पाठवले. आणि प्रत्येक बातमी अशी वाचली की नोंदणी मिळाली म्हणजे विमान झालं, परवानगी मिळाली म्हणजे झालं, उडालं म्हणजे झालं. मला मात्र त्या मधल्या वर्षांचं वाईट वाटतं. विमान गच्चीवर बांधता येतं, पण त्याची थरथर गच्चीवर सापडत नाही. ती फक्त हवेत सापडते. जमिनीवर इंजिन चालवून जे कळतं ते थोडं, बाकीचं सगळं वर गेल्यावर, एकेक तास घालवत, एका वेळी एकच गोष्ट बदलत. कागद हलत नाहीत तोवर हा शोध सुरूच होऊ शकत नाही.

अधिकाऱ्यांची बाजू मला दिसत नाही असं नाही. घरी बांधलेलं विमान चारकोपच्या डोक्यावरून उडवू द्या असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण त्यावरचं उत्तर वर्षानुवर्षं थांबवून ठेवणं हे कसं असेल? धुळ्यासारख्या धावपट्ट्या आहेत, भोवताली मोकळी शेतं आहेत. चाळीस तास, एकच माणूस, ठरलेला परिसर, आणि प्रत्येक उड्डाणाची वही. बांधणाऱ्याकडे निर्दोष विमान आधीच मागणं म्हणजे पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही असं म्हणणं. त्यापेक्षा त्याच्याकडे वही मागा. त्यात "काहीही त्रास नाही" असं पानोपानी लिहिलं असेल तर मात्र खुशाल अडवा त्याला!

आणि हे काही फक्त सरकारचं नाही, आपलंही आहे. १७ ऑक्टोबर २०२५ ला आमच्या ओझरहून एचएएलच्या कारखान्यात तयार झालेलं तेजस मार्क-१ए उडालं. आम्ही नाशिककर १९६०च्या दशकापासून, मिगच्या काळापासून, डोक्यावरून विमानं जाताना बघतोय, तरी त्या दिवशी सगळे टीव्हीपुढे. पाण्याची सलामी, टाळ्या, सगळं यथास्थित. त्याच्या आधी हँगरात किती दिवस इंजिनं चालवून बघितली असतील, किती वेळा कुणी कान लावून "थांब, परत एकदा" म्हटलं असेल, हे टीव्हीवर दिसत नाही. दिसणारही नाही, कंटाळवाणं असतं ते. पण आपल्या घरातली पोरं असं काही बांधायला घेतील तेव्हा त्यांना पहिल्या उड्डाणाच्या फोटोएवढंच त्या कंटाळवाण्या वहीबद्दलही विचारायला काय हरकत आहे? "उडालं का?" याच्यानंतरचा प्रश्न "काय सापडलं?" असा का नसावा?

(आमच्या ग्रुपवर मी हे लिहिल्यावर एका मेहुण्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते पटल्याचं की पुरे म्हणण्याचं, अजून कळलेलं नाही.)

तर भाच्याचा ताजा अहवाल. २६ तास झालेत. सीटखालची थरथर गेली. आणि ती गेल्यामुळे तिच्याखाली दडलेली दुसरी आता जाणवायला लागली आहे, फार हलकी, डाव्या पायाशी, आणि ही मात्र फेऱ्यांबरोबर नाही तर वेगाबरोबर येते, १४० नॉटच्या पुढे. मी सांगायच्या आधीच त्याने कमाल वेग १३० वर बांधून घेतला. सुकाणूच्या बिजागऱ्या, खुळखुळ, वजनाचा समतोल, सगळं जमिनीवर आधी तपासलं, ठीक आहे. आता संशय डाव्या चाकावरच्या कव्हरवर. येत्या शनिवारी तो दोन्ही कव्हरं काढून उडणार आहे, १३० च्या आतच, आणि मग एकेक परत लावत पाच-पाच नॉटने पुढे.

ताईने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, बाटल्यांतला जॅम त्याने एकट्याने संपवला का?